तुळशीची माळ : पुरेपणाचा अलंकार

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, 'अलंकार' या शब्दात 'अलम्' हे अव्यय आहे. त्याच्या अर्थांपैकी दोन येथे घेऊ : एक शोभा, दुसरा पुरेपण. शास्त्री मंडळी येथे पहिला घेतात. कीर्तनकाराने दुसरा घेतला तर त्यांनी रागावू नये. जो अंगावर आला की आणखी काही नको वाटते, तो अलंकार! सोने या कसोटीला उतरत नाही. एक तोळा झाला की दुसऱ्याची ओढ लागते. तुळशीची माळ मात्र उतरते. ती गळ्यात आली की आचार आला : मद्यमांसाचा त्याग, एकादशी आणि पंढरीची वारी.

आता कुणी विचारील, "महाराज, माळ विकत मिळते, मग ती करायला कशाला शिकायचे?" अहो, माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात आल्याशिवाय माळकरी जेवत नाही. अशा वेळी भोर-वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवर दुकान कोठून आणणार? निदान ओवायला तरी प्रत्येकास आले पाहिजे.

पंढरपुरात काशीकापडी समाजातील कुटुंबे हे काम परंपरेने करतात. लाकूड कातून मणी गोल करण्याची त्यांची हातोटी आपल्याला साधणार नाही. पण साधी माळ घरी होते. तिचा विधी असा :

१. लाकूड. जिवंत तुळस माळेसाठी कधीही तोडू नये. झाड आपोआप वाळले की मंजिऱ्यांतले बी वृंदावनातच झाडावे, मग बुडख्याकडचा जाड भाग घ्यावा. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पाऊस फार. मुळाशी पाणी साचून तुळशी कुजतात. असे ओले लाकूड लगेच कापू नये. सावलीत, माळ्यावर, पुरते सुकू द्यावे. ओल्याचा मणी पुढे चिरतो.

२. माप. मणी दोन सुताचा धरला तर १०८ मण्यांना २७ इंच, म्हणजे दीड हात लाकूड लागते. करवतीत जाणारे आणि फुटणारे धरून दोन हात असावे. एका तुळशीतून एवढे सरळ, जाड लाकूड क्वचितच निघते. म्हणून दोन-तीन वर्षे साठवावे. घाई करू नये.

३. मणी. साल खरवडून बारीक करवतीने तुकडे पाडावेत. तुळशीच्या काडीचा गाभा मऊ असतो. भोक तेथूनच सामत्याने पाडावे. मग कडा काचकागदाने घासाव्यात.

४. ओवणे. पक्का सुती दोरा दुहेरी पिळून घ्यावा. जपाची माळ असेल तर १०८ मण्यांवर मेरुमणी घालून गाठ मारावी.

माळ आपल्या हाताने केली तरी आपल्याच हाताने गळ्यात घालू नये. ज्ञानेश्वरीवर ठेवून फडावरच्या वडील वारकऱ्याच्या हातून घ्यावी. कारण लाकूड आपले असले, तरी व्रत परंपरेचे आहे.

बाजारात दुसऱ्या लाकडाचे आणि प्लॅस्टिकचेही मणी तुळशीचे म्हणून खपतात. पाण्यात रंग सुटला, तर तो वरून दिलेला समजावा. शंका असेल तर ओळखीच्या कारागिराकडूनच माळ घ्यावी. त्याच्या कष्टाचे दोन पैसे जास्त द्यावेत. झिजलेली माळ नदीत टाकू नये, वृंदावनाच्या मातीत ठेवावी. तुळशीचा मणी मातीत मिसळतो, प्लॅस्टिकचा मिसळत नाही.

शेवटी एक सांगतो. आषाढी वारीच्या दिवसांत भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणीची घाई असते. कितीएकांना मन असून जाता येत नाही. त्यांनी खंत करू नये. आपली नीरा नरसिंगपूरला भीमेस मिळते, आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. चिखलात वाकलेल्या शेतकऱ्याच्या गळ्यातली माळ त्याला कार्तिकीची आठवण देत असते. तोवर तेवढे पुरे. अलम्!

॥ रामकृष्णहरि ॥