जुनी आज्ञावली, नवी यंत्रणा

कागदावरची खतावणी शंभर वर्षांनीही डोळ्यांनी वाचता येते. संगणकातील हिशेबाचे तसे नाही. तो वाचण्यासाठी ज्या आज्ञावलीत तो मांडला गेला, तीही चालती असावी लागते.

‘लोटस १-२-३’ हे याचे उत्तम उदाहरण होय. मिच केपॉर व जोनाथन सॅक्स यांच्या प्रयत्नांतून १९८३ मध्ये आलेल्या या स्प्रेडशीटने अनेक कार्यालयांत संगणकाला स्थान मिळवून दिले. १९९५ मध्ये लोटस कंपनी आयबीएमकडे गेली आणि २०१४ मध्ये या आज्ञावलीचे तांत्रिक साहाय्यही संपले.

अशी आज्ञावली आजच्या यंत्रावर चालवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अनुकरणाचा. ६४-बिट विंडोजवर डॉसच्या आज्ञावली थेट चालत नाहीत. तेथे ‘डॉसबॉक्स’ जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल उभी करते. दुसरा मार्ग स्थलांतराचा, म्हणजे आज्ञावलीलाच नव्या प्रणालीची भाषा शिकवण्याचा. २०२२ मध्ये संगणक सुरक्षातज्ज्ञ टॅव्हिस ऑर्मंडी यांनी ‘लोटस’ची युनिक्स आवृत्ती लिनक्सवर आणली. मूळ संहिता हाती नसताना त्यांनी यंत्रभाषेतील जुनी फाईल नव्या स्वरूपात बदलली आणि दोन प्रणालींतील फरक भरून काढणारे दुवे लिहिले.

स्थलांतरात केवळ गुण नव्हे, तर दोषही जपावे लागतात. ‘लोटस’ने १९०० हे वर्ष लीप वर्ष मानले होते. प्रत्यक्षात ते तसे नव्हते. तरीही जुन्या फाईलींतील तारखांचे क्रमांक सरकू नयेत, म्हणून मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये हीच गणना कायम ठेवली. १ मार्च १९०० नंतरच्या दोन तारखांमधील दिवस त्यामुळे चुकत नाहीत. परंतु त्याआधीची तारीख आल्यास एका दिवसाचा फरक पडू शकतो. व्याज दिवसांवर मोजले जाते, हे येथे विसरून चालणार नाही.

यातून बोध घेण्याजोगा आहे. जुन्या फाईली मूळ स्वरूपात जपाव्यात. ‘लिबरऑफिस’सारख्या साधनाने त्या उघडून त्यांची नवी प्रत करावी व बेरजा, सूत्रे आणि तारखा मूळ छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. आज्ञावली जुनी झाली तरी तिचा स्वामित्वहक्क संपत नाही, याचेही भान ठेवावे. ताळा जुळेपर्यंत मूळ प्रत नष्ट करू नये, हा खतावणीचा जुना नियम संगणकालाही लागू आहे.