एकट्याचे पत्ते आणि ६१७४

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या हसनाबादेत दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा वेळी खेळायला जोडीदार नसला, तर पत्त्यांचा कॅट घ्यावा. एकट्याने खेळायच्या अशा खेळांना आपण ‘पेशन्स’ म्हणतो. अठराव्या शतकाच्या अखेरच्या जर्मन पुस्तकांत त्यांचे वर्णन आढळते. त्यांत बहुधा नशिबाचा भाग असतो. आज आपण नशिबाला जागा नसलेला एक खेळ पाहू. त्याचे नाव ‘बल्गेरियन सॉलिटेअर’. मार्टिन गार्डनर यांच्या १९८३ मधील लेखामुळे तो सर्वत्र माहीत झाला.

१० पत्ते घ्या. त्यांचे हवे तसे ढीग करा. प्रत्येक ढिगातला एकेक पत्ता उचला आणि उचललेल्या पत्त्यांचा नवा ढीग करा. हीच कृती पुन्हा पुन्हा करा. समजा, सुरुवातीस ७ आणि ३ असे ढीग आहेत. मग क्रम असा येतो :

६,२,२ → ५,३,१,१ → ४,४,२ → ३,३,३,१ → ४,२,२,२ → ४,३,१,१,१ → ५,३,२ → ४,३,२,१

यापुढे काहीच बदलत नाही! सुरुवात कशीही करा, जास्तीत जास्त १२ खेपांत ४,३,२,१ येते.

असे का व्हावे? १० पत्त्यांचे ढीग ४२ च प्रकारे होतात. म्हणून केव्हातरी जुनी मांडणी पुन्हा यायलाच हवी. मात्र एवढ्याने खेळ थांबतो असे सिद्ध होत नाही. तो चक्रात फिरतही राहील. १, ३, ६, १०, १५ अशा त्रिकोणी संख्यांसाठी तो थांबतोच, हे ब्रांट यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले.

असाच एकट्याचा खेळ देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आकड्यांशी खेळत. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ३५२४ घेतल्यास :

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

६१७४ वर हीच कृती केली, तर पुन्हा ६१७४! कोणतीही संख्या फार तर ७ खेपांत येथे पोचते. या शोधाला ना प्रयोगशाळा लागली, ना यंत्र.

आता तुम्ही ८ पत्ते घेऊन ४,३,१ पासून सुरुवात करा. खेळ थांबतो का? प्रत्येक मांडणी वहीत लिहा आणि उत्तर स्वतःच शोधा.