वाक्यदुरुस्तीचे प्रश्न

इंग्रजी व्याकरणाच्या चाचण्यांत वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नाचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. वाक्यातील काही भाग अधोरेखित केलेला असतो आणि त्याऐवजी योग्य पर्याय निवडावयाचा असतो. मूळ भाग निर्दोष असल्यास 'बदल नको' असे उत्तर द्यावयाचे. व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या 'जीमॅट' परीक्षेत असे प्रश्न असत. २०२३ साली तिचे नवे स्वरूप अमलात आले, तेव्हा ते वगळण्यात आले. भारतातील नोकरभरतीच्या परीक्षांत मात्र त्यांचे महत्त्व टिकून आहे.

'द लिस्ट ऑफ द विटनेसेस आर रेडी' हे वाक्य घ्यावे. घाईने वाचणाऱ्याच्या कानाला ते खटकत नाही, कारण अनेकवचनी 'विटनेसेस'नंतर लगेच 'आर' येते. परंतु तयार आहे ती यादी, साक्षीदार नव्हेत. म्हणून 'इज' हवे. 'साक्षीदारांची यादी तयार आहे' असे मराठीत म्हणताना ही चूक सहसा होत नाही. मराठीत 'साक्षीदारांची' हे पद आधी येऊन जाते आणि खरा कर्ता पुढे राहतो. इंग्रजीत 'ऑफ'ने जोडलेला भाग कर्त्यामागून येतो आणि क्रियापदाशेजारी भलतेच नाम येऊन बसते. प्रश्न रचणारा नेमका याच फटीचा लाभ घेतो. मधला भाग बोटाने झाकून वाक्य वाचले, की दोष उघडा पडतो.

'वन ऑफ द बुक्स दॅट वेअर लॉस्ट हॅज बीन फाउंड' यात कसोटी अधिक कठीण आहे. हरवली ती पुस्तके, म्हणून 'वेअर'. सापडले ते एकच, म्हणून 'हॅज'. दोन्ही रूपे बरोबर आहेत. दोन वचने पाहून बिचकलेला परीक्षार्थी त्यांतील एक बदलतो आणि हाती असलेला गुण गमावतो.

मराठीचा आधार सर्वत्र पुरत नाही. 'नदीकाठाने चालताना देऊळ दृष्टीस पडले' हे वाक्य निर्दोष आहे. चालणारा कोण, हे वाचक संदर्भावरून जाणतो. त्याच धर्तीवर 'वॉकिंग अलाँग द रिव्हर, द टेंपल केम इन्टू व्ह्यू' असे लिहिले, तर परीक्षकाच्या दृष्टीने देऊळच चालू लागते. नामवंत इंग्रजी लेखकांच्या लिखाणातही अशी रचना आढळते, पण परीक्षेत तिला क्षमा नाही. स्वल्पविरामानंतर चालणाराच कर्ता म्हणून यावा लागतो : 'वी सॉ द टेंपल'. 'द टेंपल वॉज सीन बाय अस' या पर्यायात 'अस' आले, तरी कर्त्याच्या जागी अजून देऊळच आहे; म्हणून तोही चूक.