जुन्या संगणकासाठी मदरबोर्ड निवडताना

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या एका माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षक एक संगणक घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. तो २०१३ साली शाळेला देणगी म्हणून मिळालेला होता. आत तिसऱ्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर. कळ दाबली की पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. दुकानदाराने ‘मदरबोर्ड गेला, आता नवा संगणकच घ्या’ असे सांगून टाकले होते. शाळेच्या शिलकीत तीन हजार रुपये होते आणि दहावीचे प्रात्यक्षिक महिन्यावर आले होते.

विद्यार्थी मित्रहो, अशा वेळी बोर्ड खरोखरच गेला आहे का, हे आधी पाहावे. आम्ही बोर्डावरचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा घट बदलून पाहिला. मेमरीच्या पट्ट्या एकेक करून लावून पाहिल्या. मग पॉवर सप्लायचे दाब मल्टिमीटरने मोजले. १२ व्होल्टच्या तारेवर ५ टक्के फरक चालतो, म्हणजे वाचन ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान हवे. ते तसे होते. मात्र पॉवर सप्लायची पेटी तुम्ही कधीही उघडू नका. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि तेवढ्या दाबाचा विद्युतभार वीज बंद केल्यावरही आतल्या धारित्रात काही काळ टिकून राहतो.

दोष अखेर डोळ्यांनाच दिसला. प्रोसेसरशेजारच्या चार धारित्रांची (दुकानात त्यांना कपॅसिटर म्हणतात) डोकी पुरीसारखी फुगली होती. अशा धारित्रात विद्युत्अपघटनी द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो किंवा त्याचा वायू होतो. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष द्रवामुळे जगभर असंख्य बोर्ड याच तऱ्हेने निकामी झाले होते. धारित्रावर ‘१०५ अंश, २,००० तास’ असे आयुष्य ठरवलेले असते. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. ६५ अंशांना, म्हणजे ४० अंश खाली, ते २,००० × १६ = ३२,००० तास भरते. रोज आठ तास धरले तर सुमारे अकरा वर्षे. शाळेच्या संगणकाने आपला हिशेब चोख पुरा केला होता म्हणायचा!

आता नवा बोर्ड कोणता घ्यावा? पहिली अट जुळण्याची. या प्रोसेसरला ११५५ स्पर्शबिंदूंचे सॉकेट लागते. आधीच्या पिढीचे ११५६ आणि नंतरचे ११५० दिसायला जवळजवळ तसेच, पण एकही चालत नाही. मेमरी डीडीआर-३, दीड व्होल्टची. डीडीआर-४ ची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे ती बसतच नाही. पेटीत मावण्यासाठी बोर्डाचे माप पाहावे. आमच्या पेटीला २४४ × २४४ मिलिमीटरचा मायक्रो एटीएक्स बोर्ड लागला. नावाजलेल्या कंपन्यांच्या तयार संगणकांत पुष्कळदा वीजजोडणी स्वतःच्याच पद्धतीची असते, तेव्हा ती आधी तपासावी.

खरी परीक्षा वीजपुरवठ्याच्या भागाची. हा प्रोसेसर जास्तीत जास्त ७७ वॉटच्या आसपास शक्ती घेतो, तीही सुमारे १.१ व्होल्टला. भागाकार करा: ७० अँपिअर! घरची ७५० वॉटची इस्त्री सव्वातीन अँपिअरच घेते. बोर्ड १२ व्होल्टचा पुरवठा सेकंदाला लाखो वेळा जोडतो-तोडतो आणि वेटोळी व धारित्रे यांच्या साह्याने तो सपाट करून १.१ व्होल्टवर आणतो. वाटेत एक मिलिओहम रोध असेल तर उष्णता किती? प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ७० × ७० × ०.००१ = ४.९ वॉट. तोच प्रवाह तशाच तीन समांतर वाटांनी नेला तर प्रत्येकीत २३.३ अँपिअर, तिन्हींची मिळून उष्णता १.६ वॉट. एक तृतीयांश! म्हणून प्रोसेसरशेजारची वेटोळी मोजावीत. फार कमी दिसली तर तो बोर्ड स्वस्त असूनही महाग पडतो. धारित्रेही वरून सपाट, प्लास्टिकचे वेष्टन नसलेली, घन प्रकारची असावीत.

आमच्यापुढे दोन बोर्ड आले, दोन्ही एच-६१ चिपचे. एक ‘नवा’, एक वापरलेला. ही चिप २०११ ची. आज नवे म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कित्येक बोर्डांवर जुन्या बोर्डावरून उतरवलेली चिप बसवलेली असते. त्यात वाईट काही नाही, पण ‘नवा’ या शब्दावर भुलू नये. नव्यावर दोनच वेटोळी होती आणि हमी तोंडी. मी वापरलेला घेतला. धारित्रे घन, सहा महिन्यांची लेखी हमी, किंमत एकोणीसशे रुपये. सॉकेटमधील टाचण्या भिंगातून पाहिल्या; त्यांतील एक वाकडी असली तरी सौदा मोडावा.

एवढे करूनही फजिती झालीच. बोर्ड लावला, पडदा पुन्हा काळा! एच-६१ मुळात दुसऱ्या पिढीसाठी निघाला, आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर आले २०१२ मध्ये. बोर्डावरची बायॉस आज्ञावली त्याआधीची असेल तर तिला नवा प्रोसेसर ओळखताच येत नाही. दुकानदाराने स्वतःजवळचा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर लावून ती सुधारून दिली. हे विकत घेण्यापूर्वी विचारायला हवे होते, चूक माझीच.

त्यानंतर मेमरी-तपासणीचा कार्यक्रम रात्रभर चालवला. एकही चूक आली नाही. विंडोज ११ अधिकृतपणे या प्रोसेसरवर चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यावर लिनक्स घातले. प्रात्यक्षिकाच्या चार दिवस आधी संगणक शाळेत परत गेला.

जाता जाता एक गणित. घन धारित्रांसाठी ठोकताळा वेगळा आहे: तापमान २० अंशांनी उतरले की आयुष्य दहापट. १०५ अंशांना २,००० तासांचे घन धारित्र ६५ अंशांना किती तास टिकेल? शाळेत संगणक रोज सहा तास चालतो. त्याची वर्षे किती होतात, तेही काढून पाहा.