वाढेल म्हणून उपाशी

‘व्हॉट्सॲपवर फोटो बघून कुत्रं घेतलंस ना, मग भोग आता,’ हे मला सासूबाईंपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. म्हणून आधीच सांगते, मी चौकशी केली होती. पिल्लाची आई बघायची म्हटलं, तर विक्रेता म्हणे, ‘मॅडम, आई गावाकडं फार्मवर आहे, व्हिडिओ टाकतो’. व्हिडिओत गोल तोंडाची, ऐटबाज पॉमेरेनियन, म्हणजे पॉम होती. पेपर मागितले, तर ‘केनेल क्लबकडं गेलेत, महिन्याभरात येतील’. वय विचारलं, तर ‘दोन महिने पूर्ण’. समोरचा तोंडावर खोटं बोलत असेल तर त्याला कोण काय करणार?

चिंगी तळहातावर मावायची. ‘टीकप पॉम आहे मॅडम, हीच साइज राहणार. फक्त सकाळ-संध्याकाळ चमचाभर दूध-सेरेलॅक द्या. जास्त नको, खाल्लं की वाढेल.’ ती वाटी चाटून चाटून लख्ख करायची आणि मग रिकाम्या वाटीशीच बसून राहायची. आम्ही त्याच्या सांगण्याप्रमाणे वागत होतो.

एका पहाटे ती झोकांड्या खायला लागली. मान एका बाजूला कललेली, हिरड्या पांढऱ्याफटक, हाक मारली तरी नजर वळेना. विक्रेत्याला फोन केला, तर ‘थंडी वाजली असेल, टॉवेलमध्ये गुंडाळा’. नशिबानं डॉक्टरांनी फोन उचलला. ते म्हणाले, ‘हिरड्यांना बोटानं मध चोळा आणि तशाच निघा.’ छोट्या चणीच्या पिल्लांची रक्तातली साखर उपाशी राहिली की झपाट्यानं उतरते आणि त्यात पिल्लू दगावतं. घरात मध किंवा ग्लुकोजची पावडर ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका, ठसका लागेल; नुसतं हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा.

ग्लुकोज दिल्यावर ती सावरली. मग डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला आणि टॉर्च मारून मला जवळ बोलावलं. सुळे होते, पुढचे दात नुकते टोचायला लागले होते आणि दाढांच्या जागी नुसती गुलाबी हिरडी. ‘दोन महिन्यांची कोण म्हणालं? तोवर साधारण २८ दुधाचे दात येतात. ही पाच आठवड्यांचीही असेल-नसेल.’

तेव्हा ते ‘खाल्लं की वाढेल’ माझ्या डोक्यात लख्ख उलगडलं. ती लहान होती, कारण ती आईच्या अंगावरचं तान्हं पिल्लू होती. आमच्या डोळ्यांदेखत वाढली असती तर बिंग फुटलं असतं, म्हणून ही उपासमार. आणि त्यात मेलीच असती, तर ‘टीकप नाजूकच असतात’ म्हणायला तो मोकळा!

मी विक्रेत्याला जाब विचारला. त्याचं उत्तर ऐका. ‘आमच्याकडं ठणठणीत होती. तुम्हीच काहीतरी वेडंवाकडं खायला घातलंत.’ खायला घालू नका म्हणणारा हाच. मग म्हणाला, ‘रिप्लेसमेंट देतो.’ जणू मिक्सर बिघडलाय! हिचं काय करणार विचारलं, तर फोन कट. दुसऱ्या दिवशी मी ब्लॉक.

चिंगी आज सात किलोची आहे. तोंड लांबट, निमुळतं. पॉमेरेनियन फार तर तीन-सव्वातीन किलोचा होतो. त्याचं नाव बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनिया प्रांतावरून पडलं, आणि त्याचे पूर्वज चांगले दणकट स्पिट्झ. व्हिक्टोरिया राणीनं १८८८ साली फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोट्या चणीचा पॉम नेला आणि लहान पॉमची फॅशन बोकाळली. चिंगी निघाली इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात इथल्या हवेला मानवेल असा तयार झालेला. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतोय? तोही हाच. आपल्याकडं वाड्या-चाळींतून जे पांढरे ‘पॉम’ भुंकायचे, त्यांतले बहुतेक स्पिट्झच. कुत्रं गुणी आहे, माझी तिच्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. पण पैसे मी पॉमचे मोजलेत.

‘टीकप’ नावाची जात कुठलाच केनेल क्लब मानत नाही. हा शब्द ऐकलात की तिथून उठा. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते. नोंदणीचा नंबर मागा. पिल्लाची आई समक्ष बघा, पिल्लांना पाजताना. व्हिडिओ कुणाच्याही कुत्रीचा असतो. पैसे देण्याआधी पिल्लू तुमच्या डॉक्टरांकडं न्या आणि दात बघायला सांगा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. लसीच्या कार्डावर नुसते शिक्के चालत नाहीत, कुपीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही लागते. चिंगीच्या कार्डावर एकही स्टिकर नव्हतं; पार्व्होसारखा जीवघेणा रोग झाला नाही हे नशीब. बिलावर जात आणि जन्मतारीख लिहून घ्या. ‘बिलाचं काय मॅडम, विश्वास ठेवा’ हे मला ऐकवलं गेलं होतं.

बाकी नेहमीचं. लहान पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं-थोडं द्या. चॉकलेट, द्राक्षं, कांदा नको. पट्ट्याऐवजी हार्नेस घ्या, पॉमची श्वासनलिका नाजूक असते. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकते. दात घासा. आणि उन्हाळा आला म्हणून वस्तरा फिरवू नका. दुहेरी केस उन्हापासूनही वाचवतात आणि एकदा भादरले की काहींचे धड परत येतच नाहीत. पार्लरवाला हसून ‘येतील हो’ म्हणतो, त्याचं काय जातं?

मी ग्राहक आयोगाकडं तक्रार टाकलीय. चॅट आणि यूपीआयची पावती जपून ठेवली होती म्हणून जमलं, रोख दिले असते तर तेही नाही. त्यानं आता दुसरा नंबर घेतलाय आणि स्टेटसला शिह त्झू टाकतोय. टीकप.