उन्हाळी पाण्याआधी मोटरचे व्होल्ट आणि अँपिअर तपासा

उन्हाळी भुईमूग, ऊस, भाजीपाला यांचे पाणी आता पूर्णपणे मोटरवर आहे. भुईमुगाला आऱ्या सुटताना मोटर जळाली, तर रिवाइंडिंगच्या खर्चापेक्षा पिकाला बसणारा ताण महागात पडतो. म्हणून फेब्रुवारीतच स्टार्टरच्या पेटीवरचे दोन्ही काटे नीट वाचा. मोटर सुरू करून पाच मिनिटे झाली की व्होल्ट आणि अँपिअर वहीत टिपा.

समजा 5 एचपीची थ्री फेज मोटर 400 व्होल्टवर 8 अँपिअर घेते. पॉवर फॅक्टर 0.8 धरला, तर 1.732 × 400 × 8 × 0.8 म्हणजे सुमारे 4.4 किलोवॅट वीज ती ओढते. व्होल्टेज 340 वर उतरले तरी पाणी उपसण्याचे काम जवळपास तेवढेच राहते, त्यामुळे करंट साडेनऊच्या आसपास चढतो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे 1.4 पट. मोटर जळते ती इथे. अशा वेळी ओव्हरलोड रिले सारखा पडतो म्हणून त्याचे सेटिंग वाढवून ठेवणे अगदी चुकीचे. ते मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटएवढेच हवे.

मात्र व्होल्टेज कमी दिसले की दोष डीपीचाच, असे धरून चालू नका. अनेकदा ते आपल्याच केबलमध्ये हरवते. मोटर चालू असताना मीटरच्या पेटीपाशी आणि विहिरीवरच्या स्टार्टरपाशी, दोन्हीकडे व्होल्टेज मोजून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, ओल्या जमिनीवर स्वतः मीटर लावू नये.

पेटीपाशी 400 आणि स्टार्टरपाशी 370 आले, तर 30 व्होल्ट वाटेत गेले. थ्री फेजमध्ये एका तारेच्या वाट्याला 30 ÷ 1.732, म्हणजे 17.3 व्होल्ट येतात. त्याला 8 अँपिअरने भागा: एका तारेचा रोध सुमारे 2.2 ओहम. तांब्याच्या अडीच एमएम केबलच्या 200 मीटर तारेचा रोध दीड ओहमच्या आसपास असायला हवा. वरचा 0.7 ओहम सैल स्क्रू, गंजलेले टोक किंवा पिळून टेप गुंडाळलेला जोड यांत आहे. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 64 × 0.7, सुमारे 45 वॅट. एवढ्या उष्णतेवर सोल्डरिंग आयर्न चालते! टेप वितळलेला किंवा काळवंडलेला जोड दिसला, तर आधी तोच कापून क्रिंप लग लावून घ्या.

जोड चांगले असूनही व्होल्टेज पडत असेल, तर केबल जाड घ्यावी. सहा एमएममध्ये त्याच अंतराचा रोध 0.6 ओहमवर येतो. तिन्ही तारा मिळून वाया जाणारी वीज सुमारे 290 वॅटवरून 115 वॅटवर उतरते. केबल उन्हात उघडी टाकू नका. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो.

एप्रिल-मेमध्ये उलटेही घडते. व्होल्टेज ठीक असून अँपिअर नेहमीपेक्षा बरेच खाली आले, तर विहिरीचे पाणी उतरले आहे आणि पंप हवा ओढतो आहे. पाणबुडी मोटर पाण्यानेच थंड राहते, तेव्हा ती लगेच बंद करा आणि पाणी भरेपर्यंत थांबा. ऑटोस्विच असेल तर तो काढून कॅपॅसिटर बसवावा. ऑटोस्विचमुळे वीज येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या, की सगळ्यांचेच व्होल्टेज कोसळते.