पत्र गेले, आवाज आला : संवादाची साधने आणि आपले शिक्षण

सुट्टीत वसतिगृहातून गावी परतलेल्या मुलाला पूर्वी एक काम हमखास असे. पिशवी खाली ठेवून तो हातपाय धुतो न धुतो, तोच शेजारची आजी कोनाड्यात जपून ठेवलेले कार्ड घेऊन येई आणि म्हणे, "बाळा, एवढं वाचून दाखव." कार्ड मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत काम करणाऱ्या तिच्या मुलाचे असे. पोस्टमनने ते आधी एकदा वाचून दाखवलेले असे. तरीही तिला ते पुन्हा ऐकायचे असे. मुलगा ओसरीवर बसून वाची, आणखी दोघीचौघी येऊन बसत. उत्तरही त्याच्याच हातून लिहिले जाई. आजी सांगे, तो लिही आणि शेवटी सारे वाचून दाखवी.

आज त्या आजीच्या घरी मोबाईल आहे. मुलाचा चेहरा पाहत ती त्याच्याशी बोलते. मध्ये कोणी वाचणारा लागत नाही, लिहिणाराही लागत नाही.

तंत्रज्ञानाने संस्कृती, शिक्षण आणि दैनंदिन जीवन कसे बदलले, हा प्रश्न फार विस्तृत आहे. प्रस्तुत लेखात त्याचा एकच धागा हाती घेतला आहे. पत्राची जागा फोनने घेतली तेव्हा आपण काय मिळवले, काय गमावले, आणि गमावलेल्यापैकी काय शाळेने जाणीवपूर्वक राखले पाहिजे, याचा हा विचार आहे. घरापासून दूर राहून शिकलेल्यांना तो अधिक जवळचा वाटेल, कारण घर आणि वसतिगृह यांना जोडणारा दुवा अनेक वर्षे पत्र हाच होता.

पाव आण्याचे कार्ड

भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा होती. लिफाफा नाही, वेगळे तिकीट नाही. कार्ड घ्यावे, चार ओळी लिहाव्यात आणि पेटीत टाकावे, इतकी ती सोपी योजना होती. मुंबईला पोटासाठी गेलेला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस आणि त्याचे गावाकडचे घर यांच्यातला संसार या कार्डांवर आणि मनीऑर्डरीच्या कागदावर चाले. मनीऑर्डरीच्या तळाशी संदेशासाठी थोडीशी जागा असे. पैशांसोबत आलेल्या त्या दोन ओळी घरी पैशांइतक्याच जपल्या जात.

ही व्यवस्था चालवणेही सोपे नव्हते. पत्ते अनेक लिप्यांत लिहिलेले असत आणि एकाच नावाची गावे अनेक असत. यावर उपाय म्हणून 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा अंकी पिन कोड सुरू झाला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान लेखक श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. महाराष्ट्र आणि गोवा यांचे पिन 4 या अंकाने सुरू होतात, हे आपण शाळेत पत्रलेखन शिकताना नकळत पाठ केले. तंत्रज्ञान म्हणजे केवळ तारा आणि पडदे नव्हेत. सहा अंकांची एक साधी कल्पनासुद्धा तंत्रज्ञानच असते.

पत्राने काय शिकवले

1951 च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे 18 टक्के होते, स्त्रियांमध्ये तर ते सुमारे 9 टक्केच होते. अशा काळात पहिल्यांदा अक्षर शिकलेल्या मुलाला पत्राने त्या अक्षराचा उपयोग दाखवून दिला. परीक्षेतील निबंध गुरुजींसाठी असे. पत्र मात्र खरोखर कोणाला तरी हवे असे. आपण शिकलो म्हणून एका आजीचे काम झाले, हा अनुभव कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठा होता.

त्या कामात शिक्षणही बरेच होते. दुसऱ्याचे शब्द न बदलता वाचावे लागत. कोणाकडे कर्ज आहे, कोणाची सोयरीक मोडली, कोण आजारी आहे, हे सारे वाचणाऱ्या मुलाला कळे. ते बाहेर बोलायचे नाही, हेही त्याला कळे. आजी सलग सांगे ते वाक्यांत बसवावे लागे. कार्डावर जागा थोडी, म्हणून आधी काय आणि नंतर काय, याचा विचार करावा लागे. समोर नसलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, याची कल्पना करावी लागे. आज भाषाशिक्षणाची उद्दिष्टे म्हणून आपण ज्या गोष्टी लिहितो, त्या बऱ्याचशा या ओसरीवर विनाशुल्क साध्य होत असत.

पत्राच्या मायन्यातही समाजाचा इतिहास उमटला. 'जोहार' करायला लावलेल्या समाजाने 'जय भीम' म्हणत मान ताठ केली. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. पुढे 'सप्रेम जय भीम' या शब्दांनी सुरू होणारी पत्रे घरोघरी जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक कार्डाच्या पहिल्याच ओळीत स्वाभिमानाचा एक धडा असे.

वाचून दाखवण्याची ही सवय सार्वजनिक जीवनातही उपयोगी पडली. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले आणि महाडच्या सत्याग्रहानंतर 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत'. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्यासाठी ही पत्रे निघाली. अक्षरओळख असलेला एक जण वाची आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. छापखान्याचे यंत्र शहरात होते. पण त्या यंत्राचे शब्द वस्तीपर्यंत पोहोचले ते अशा वाचणाऱ्यांच्या आवाजातून.

आवाज आला

पुढे रस्त्यारस्त्यावर एसटीडीचे पिवळे फलक दिसू लागले. रात्री दर कमी होत, म्हणून त्या वेळी बूथवर रांग लागे. समोर सरकणाऱ्या आकड्यांकडे एक डोळा ठेवून बोलावे लागे. देशातला पहिला मोबाईल संवाद 31 जुलै 1995 रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. 2003 पासून ते थांबले आणि मोबाईल गरिबाच्या हातात येऊ लागला. 'मिस कॉल' ही तर आपल्या लोकांनीच घडवलेली भाषा. एकदा वाजला तर 'पोहोचलो', दोनदा वाजला तर 'फोन कर'. जुलै 2013 मध्ये देशातील तार सेवा बंद झाली. तार आली की घरात रडारड सुरू होई, हे आताच्या मुलांना समजावून सांगावे लागते.

या बदलाने जे दिले त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. पत्र वाचून घेणाऱ्या आईला आपले दुःख तिसऱ्यासमोर उघडे करावे लागे. सासरी जाच होत असला तरी मुलगी माहेरी तसे लिहू शकत नसे, कारण लिहिणारा सासरचाच कोणी असे. फोनने ही मध्यस्थी संपवली. अक्षर न येणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या बोलीत, हव्या त्या माणसाशी बोलता येऊ लागले. वसतिगृहात ताप आलेल्या मुलाची बातमी आठ दिवसांनी नव्हे, त्याच दिवशी घरी कळू लागली. 'जुने ते सोने' म्हणताना हा भाग विसरता कामा नये. ते दिवस परत यावेत असे त्या आईला विचारले, तर ती नाहीच म्हणेल.

आणि काय गेले

तरीही काहीतरी निसटले आहे. 2011 च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे 74 टक्क्यांवर पोहोचली. म्हणजे लिहिता येणारे हात वाढले. पण त्याच काळात लिहिण्याची रोजची निमित्ते मात्र कमी झाली. घरी पत्र नाही, मामाला पत्र नाही, मित्राला पत्र नाही. अंगठ्याने उमटवलेली चित्रे आणि अर्धवट शब्द एवढ्यावर काम भागते. पत्रलेखन पाठ्यपुस्तकात उरले आहे. मात्र ते अस्तित्वात नसलेल्या 'अ. ब. क.'ला लिहायचे असते. म्हणून मुले ते पाठ करतात आणि गुण मिळाले की विसरतात.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. वसतिगृहे रिकामी झाली, मुले घरी गेली आणि शिक्षण फोनवर आले. ज्या घरात एकच फोन होता, तेथे तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. दोन भावंडांचे तास एकाच वेळी असले, तर बहुधा बहिणीचा तास बुडे. साधन घरात असणे आणि ते आपल्या वाट्याला येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड पाव आण्याचे होते म्हणून ते सर्वांचे झाले. आजच्या साधनांबाबतही पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, ते कोणाच्या वाट्याला येते?

जुनीच घालमेल

नवे साधन आले की काही मिळते आणि काही जाते, ही घालमेल आजची नाही. भगवान बुद्धांची वचने आरंभी कोणी लिहून ठेवली नव्हती. भाणक म्हणून ओळखले जाणारे भिक्खू ती मुखोद्गत करून पिढ्यान्पिढ्या सांभाळत. परंपरा सांगते की, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी श्रीलंकेत ती ताडपत्रांवर लिहिली गेली, कारण दुष्काळ आणि युद्ध यांत भाणकच उरले नाहीत, तर वचनेही नाहीशी होतील अशी भीती होती. लेखनाने वचने वाचवली. पण म्हणून पठण सोडून दिले गेले नाही. ग्रंथ हाती असतानाही सामूहिक पठण चालूच राहिले आणि आजही ते चालू आहे. ग्रंथाने वचने टिकवली, तरी ती मनात मुरण्यासाठी मुखाचे आणि कानाचे श्रम लागतातच, ही समज त्यामागे दिसते. नवे घ्यावे, पण जुन्यातील जे श्रम मन घडवतात ते जाणीवपूर्वक राखावेत, हा धडा आपल्या परंपरेतच आहे.

कोणते श्रम राखावेत?

आता गोष्ट याच्याही पुढे गेली आहे. फोनसमोर मराठीत बोलले की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटतात. कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला की निबंध तयार होऊन येतो. पूर्वी आजीला लिहिणारा लागत होता. आता लिहिता येणारा मुलगाच दुसऱ्या लिहिणाऱ्याला शोधू लागला आहे.

येथे सरसकट बंदी उपयोगाची नाही. अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणारे यंत्र किंवा हाताने लिहू न शकणाऱ्या मुलाचे बोलणे टिपणारे यंत्र हे त्यांच्यासाठी उघडलेले दार आहे. ते बंद करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न श्रमांचा आहे, आणि श्रम दोन प्रकारचे असतात. कार्डासाठी दोन कोस चालणे, उत्तराची पंधरा दिवस वाट पाहणे, बूथच्या रांगेत उभे राहणे, हे श्रम केवळ ओझे होते. ते गेले, बरे झाले. पण शब्द निवडणे, विचार क्रमाने मांडणे, खोडून पुन्हा लिहिणे, न दिसणाऱ्या माणसाचे मन ओळखणे, या श्रमांतूनच माणूस घडतो. ते यंत्राकडे सोपवले, तर काम होते, पण शिकणे होत नाही. म्हणून प्रत्येक नव्या साधनाला शाळेने एक साधी कसोटी लावावी: याने मुलाचे ओझे उतरते, की मुलाचे शिकणेच उतरते?

ज्यांच्या घरी शिकलेल्या चार पिढ्या आहेत, त्यांच्या मुलांना ही उणीव घरच्या बोलण्यातून, कपाटातल्या पुस्तकांतून कदाचित भरून काढता येईल. ज्यांच्या घरात अक्षर नुकतेच आले आहे, त्यांच्यासाठी शाळा हीच ती जागा आहे. अक्षर मिळवायला आपल्या समाजाला फार मोठी किंमत मोजावी लागली. ते एका पिढीत यंत्राच्या हवाली करणे आपल्याला परवडणारे नाही.

यासाठी मोठा निधी लागत नाही. पालकांनी फोन जरूर करावा. मात्र महिन्यातून एकदा मुलाला पत्रही लिहावे, स्वतःला लिहिता येत नसेल तर धाकट्या भावंडाकडून लिहवून घ्यावे. माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याशी वर्षभर पत्रव्यवहार ठेवावा; आपले शिक्षण, आपली नोकरी, आपल्या चुका मोकळेपणाने लिहाव्यात. मुले आपोआप उत्तर लिहू लागतील, कारण आता समोर 'अ. ब. क.' नसून खरा माणूस असेल. ज्यांच्या घरी जुनी पत्रे असतील, त्यांनी घरच्यांच्या संमतीने त्यांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयास द्याव्यात. आणि सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलांनी आजीचा आवाज फोनवर जरूर टिपावा. मग वही उघडून तो शब्द न शब्द स्वतःच्या हाताने लिहून काढावा. लिहून झाले की तिच्याजवळ बसून ते तिला वाचून दाखवावे. काही चुकले असेल, तर ती सांगेल.